मागच्या व्हरांड्यातल्या मावशी

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत गुरुजनांवर भरभरून लिहिलं जाईल, आणि जावंच. गणिताच्या सरांच्या छडीवर आमच्या निम्म्या तुकडीने लेख धाडले असतील, याची मला खात्री आहे. म्हणून मी शाळेतल्या शिपाई मावशींवर लिहितो.

घंटा देणं, टाकी भरणं, वर्ग झाडणं ही त्यांची नोकरी. मधली सुट्टी संपून वर्ग भरले की त्या मागच्या व्हरांड्यात शहाबादी फरशीवर वाकळ, म्हणजे गोधडी, पसरून शिवत बसायच्या. त्यांच्या हातच्या वाकळीला आसपासच्या चार गावांत मागणी होती. शिवणावळ आधी ठरवून घ्यायच्या, नात्यातल्यांकडूनसुद्धा.

हे मुद्दाम सांगतो. गोधडीचं नाव काढलं की हल्ली माणसं लगेच आजीची माया आणि मायेची ऊब यावर येतात. मावशींच्या मनात माया असेलही; मी पाहिली ती कारागिरी, आणि ती फार कडक होती. मराठवाड्याचं कापड म्हटलं की पैठणी आणि हिमरू. ज्याच्यावर अख्खा मराठवाडा झोपला, त्या कापडाच्या कारागिराला मात्र कुणी कारागीर म्हणत नाही, असं माझं जुनं दुखणं आहे.

माझा बाक खिडकीजवळचा होता. "काय बघलालास रे लेकरा? फळ्याकडं बघ," असं त्या बाहेरूनच म्हणायच्या. पण त्यांची नजर कमी झाली होती आणि सुईत दोरा ओवून द्यायला कुणीतरी लागायचं. ते काम माझ्याकडे आलं. दोरा हातभरच घ्यायचा, लांब घेतला की गुंता होतो. मग त्यावर मेणबत्ती फिरवायची, म्हणजे कापडातून सरसर जातो. अंगुस्तान त्यांनी कधी वापरलं नाही. सायकलच्या ट्यूबचा तुकडा बोटात घालायच्या.

कापड आधी धुऊन कडक वाळवायचं. शिवण उसवायची, गुंड्या काढायच्या, कॉलरी कापून टाकायच्या, कारण जाड शिवणीवर सुई अडते. खाली लुगड्याचं अस्तर ताणून चारी कोपऱ्यांवर दगड. त्यावर धोतराचे नाहीतर जुन्या चादरीचे तुकडे असे मांडायचे की वरचा सांधा खालच्या सांध्यावर येऊ नये. आला तर तिथे उंचवटा राहतो आणि नेमका पाठीला टोचतो. सगळ्यात वर दर्शनी कापड. मग लांब लांब कच्चे टाके घालून सगळे थर जागच्या जागी धरायचे आणि कडेपासून आत, चौकटीत चौकट, धावदोरा घालत मध्यावर यायचं. दोन ओळींत एका बोटाचं अंतर. मावशींनी हे अंतर कधी मोजलेलं मी पाहिलं नाही आणि ते कधी चुकलेलंही पाहिलं नाही.

मी दहावीत होतो तेव्हा ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. आदल्या संध्याकाळी गणपती विसर्जन करून गाव झोपलं होतं. ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंपाने काय केलं, हे आपल्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीच्या थराची जड माळवदं. उन्हाळ्यात गार राहणारं घरच माणसांवर आलं. आमच्या गावात किल्लारी-सास्तूरइतकी हानी झाली नाही. तरी निम्मं गाव उघड्यावर आलं, शाळेच्या इमारतीला तडे गेले आणि वर्ग लिंबाच्या झाडाखाली भरू लागले.

मग मदतीचे ट्रक आले. धान्य आलं, भांडी आली आणि जुन्या कपड्यांचे ढीग आले. पँटी, फ्रॉक, नायलॉनच्या साड्या, स्वेटर, टाय, कुणाच्या लग्नातला कोटसुद्धा. देणाऱ्यांनी मनापासूनच दिलं असणार, पण आमच्याकडची माणसं परक्याचं उतरलेलं कापड अंगाला लावेनात. शाळेच्या मैदानाच्या कडेला तो ढीग पडून राहिला आणि त्यावर शेळ्या बसू लागल्या.

मावशींचं स्वतःचं घर बसलं होतं. तरी आठवडाभरात त्या ढिगापाशी येऊन बसल्या आणि आम्हा चार-पाच पोरांना कामाला लावलं. "सुती तेवढं इकडं टाक. बाकीचं ऱ्हाऊ दे." सुती कसं ओळखायचं? त्यांनी एकदाच काडी ओढून दाखवलं. सुताचा धागा कागदासारखा जळतो आणि राख होते. टेरिलीनचा धागा वितळतो आणि टोकाला काळी टणक गाठ धरतो. त्यानंतर काडी नाही. बोटात चुरगाळून सांगायचं, आणि चुकलं की कापड तोंडावर परत. पक्का रंग बघायला ओल्या पांढऱ्या फडक्याने घासायचं. लाल रंगावर त्यांचा कधी विश्वास बसला नाही.

लोकरीचे स्वेटर मध्ये घालू या, ऊब येईल, असं मी सुचवलं. "धुतल्यावर आकसतंय. सगळी वाकळ वढून धरतंय," एवढंच उत्तर. नायलॉन चालत नव्हतं, कारण ते सुताच्या थरावर ठरत नाही, धुतलं की एका कोपऱ्यात गोळा होतं. जीन्सने दोन सुया मोडल्या, पण ती त्यांनी टाकली नाही. थंडी सुरू झाली तसं राहायच्या तात्पुरत्या शेडच्या पत्र्यातून पहाटे दव ठिबकायचं आणि खालची जमीन ओल धरायची. म्हणून अंथरायच्या वाकळींना खालून जीन्स. या वाकळींची शिवणावळ त्यांनी घेतली नाही आणि त्याचा उल्लेखही कधी केला नाही.

त्यातली एक वाकळ मला अजून दिसते. मधोमध पांढऱ्या सदऱ्यांच्या पाठी, भोवताली पट्ट्यापट्ट्यांचे पायजमे, सगळे पट्टे उभे. आडवे लावले की वाकळ आखूड दिसते, हे त्यांचं म्हणणं. एका सदऱ्यावर कुठल्याशा शहरातल्या धोब्याची काळ्या शाईची खूण होती. ती त्यांनी कापली नाही, नेमकी आतल्या थरात गेली.

पुढे मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक झालो. आयुष्यभर लोकांची शेतं मोजली. आपल्याकडचं एकही शेत धड चौकोनी नाही; ओढ्याच्या वळणाशी शेपूट निघतं, वाटण्यांमुळे पट्टे पडतात. बदलीच्या गावी एकटा राहत असताना एका संध्याकाळी गावच्या नकाशाकडे बघता बघता वाटलं, हे कापडात होईल. काळ्या जमिनीला जुने काळे परकर, मुरमाड माळाला खाकी, पाटाला निळं अस्तर. बांध म्हणजे धावदोऱ्याच्या दोन जवळजवळच्या ओळी. तेव्हापासून मी शिवारं शिवतो. कचेरीत एक तलाठी म्हणायचा, "साहेब, बांध तुम्हीच फाडता आणि तुम्हीच शिवता." घरी साड्यांच्या कपाटाला कुलूप लागलं.

पहिलं शिवार पूर्ण झालं तेव्हा मावशी निवृत्त होऊन लेकाकडे राहत होत्या. घेऊन गेलो. त्यांनी आधी उलटी बाजू बघितली, ओळींवरून अंगठा फिरवला.

"टाके बरे हायत. पांघरायची का टांगायची?"

"टांगायची, मावशी."

"मग येवढी जड कशाला केलास?"

तेव्हापासून दोनच थर घालतो.

मावशी आता नाहीत. त्यांच्या वाकळी काही घरांत असतील; वापरून विरल्या असतील तर तेही ठीकच.

सध्या आपल्या शाळेचं आवार शिवायला घेतलं आहे. मोजणी मी स्वतः केली: जुनी इमारत, लिंबाचं झाड, मैदान, मागचा व्हरांडा. मैदानाला खाकी लागणार आणि वर्गांना पांढरं. दोन्ही मला शाळेच्या जुन्या गणवेशाचंच हवं आहे. मुलींच्या निळ्या स्कर्टमधून पाण्याची टाकी होईल. तेव्हा मेळाव्याला येताना कुणाच्या ट्रंकेत जुना गणवेश निघाला तर आणा. धुऊन, गुंड्या काढून आणा. ज्यांच्या तुकडीला टेरीकॉटचा, म्हणजे सुतात टेरिलीन मिसळलेला, गणवेश होता त्यांनी (१९८५ च्या पुढचे बरेचसे, आमच्यासकट) वाईट वाटून घेऊ नये. मी दारातच काडी ओढून बघणार आहे.