सोलापुरात घरचं पाळणाघर: आधी पिंपाचं झाकण, मग खेळणी

पाळणाघर काढायचं ठरलं की आधी भिंतीवर चित्रं लागतात, रंगीत चटया येतात. सोलापुरात पहिला खर्च पाण्याच्या भांड्यांवर करा. इथे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून घरोघरी पिंपं, टाक्या, बादल्या भरलेल्या असतात. नुकतं उभं राहू लागलेल्या मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं. ते बादलीत डोकावलं की तोल जाऊन आत पडतं आणि त्याला स्वतःला वर काढता येत नाही. त्याला चार-पाच इंच पाणीही पुरतं, आणि आवाज होत नाही. न्हाणीघराला बाहेरून, मोठ्यांच्या खांद्याइतकी उंच कडी बसवा. पिंपाला आट्यांचं घट्ट झाकण हवं, वर ठेवलेलं ताट चालत नाही. वापरलेली बादली लगेच पालथी घाला.

खरा धोका पाणी सुटतं तेव्हा असतो. मोटर लावायची, पाईप या भांड्यातून त्या भांड्यात न्यायचा, आणि तेवढा वेळ मुलांकडे कोणाचंच लक्ष नसतं. पाणी भरणारी आणि मुलं सांभाळणारी माणसं वेगळीच हवीत. दुसरं माणूस नसेल तर पाण्याच्या वेळी मुलं घेऊ नका, इतकं हे महत्त्वाचं आहे. याच साठवणीत डेंग्यूचा डास वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून आतल्या कडा घासायच्या. अंडी कडांना चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत.

कूलरलाही तेच लागू. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. वरच्या मजल्याचा स्लॅब संध्याकाळपर्यंत तापलेला राहतो, त्यामुळे शक्य असेल तर तळमजल्याची खोली निवडा. कूलर लावून खिडक्या बंद केल्या तर खोली दमट होते आणि बाळांना घामोळं येतं. समोरची खिडकी उघडी ठेवा. पत्र्याच्या कूलरला मुलं हात लावणारच. घराला ३० मिलिअँपिअरचं ईएलसीबी, म्हणजे करंट गळू लागला की वीज आपोआप तोडणारं बटण, बसवून घ्या, त्याचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा, आणि कूलरमध्ये पाणी भरताना आधी पिन काढा.

आईने काढून दिलेलं दूध साधारण २५ अंश तापमानाला चार तास टिकतं. आपल्या उन्हाळ्यात तो हिशेब धरू नका, बाटली आली की थेट फ्रिजमध्ये, नाव आणि वेळ लिहून. बाळाने तोंड लावलेलं उरलं तर दोन तासांत संपवायचं, नाहीतर टाकायचं. आईला वाईट वाटतं, तरी टाकायचंच.

मूल रुळवणं हे या कामातलं सगळ्यात नाजूक काम. पहिल्या दिवशी आई आणि मूल दोघंही तासभर बसतात. दुसऱ्या दिवशी आई अर्धा तास बाहेर जाऊन येते. तिसऱ्या दिवशी जेवणापर्यंत, चौथ्या दिवशी दुपारच्या झोपेपर्यंत मूल एकटं राहतं. आठ-दहा दिवस लागले तरी घाई नको. चूक होते ती एकच: मूल खेळात रमलं की आई गुपचूप निघून जाते. मग ते दारावरची नजर हटवत नाही, जेवत नाही, दुसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडापासूनच रडायला लागतं. सांगून, टाटा करून गेलेल्या आईचं मूल रडतं खरं, पण लवकर शांत होतं. घरची गोधडी किंवा आईची जुनी ओढणी सोबत मागून घ्या, फक्त झोपलेल्या तान्ह्याच्या जवळ ती ठेवू नका.

आपल्या शहरात पोरं तीन भाषांत रडतात. तेलुगू घरातलं मूल पाण्याला नीळ्ळु म्हणेल, कन्नड घरातलं नीरु. दुखतंय हे एकाचं नोप्पि, दुसऱ्याचं नोवु. प्रत्येक आईकडून पाणी, भूक, शी-शू, दुखणं यांचे घरचे शब्द लिहून घेऊन स्वयंपाकघराच्या दारावर लावा. वर्षभरात मुलं हे शब्द एकमेकांकडून उचलतात. ते ऐकायला मिळणं ही या कामाची मोठी कमाई आहे. आणखी एक: बाळाचं पहिलं पाऊल तुमच्यासमोर पडलं तर आईला एवढंच सांगा, "उभं राहायला लागलंय, आज घरी लक्ष ठेवा." ते पाऊल तिला तिच्या घरात बघू द्या.

खाण्यात ज्वारीची ताजी भाकरी वरणात किंवा दुधात कुस्करून उत्तम. कडक भाकरीचे तुकडे लहानांना नकोत. अख्खा शेंगदाणा चार वर्षांपर्यंत अजिबात नाही, तो श्वासनलिकेत अडकतो. बिनतिखटाचं बारीक कूट चालेल, पण ते आधी घरी देऊन पाहिलेलं असावं. द्राक्षाच्या उभ्या चार फोडी करायच्या. मध वर्षाच्या आत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाच्या घशात काही अडकून श्वास कोंडला तर त्याला हातावर पालथं, डोकं खाली करून धरा आणि खांद्यांच्या मध्ये पाच थापा द्या, मग उताणं करून छातीच्या मध्यावर एका तळहाताच्या मनगटाजवळच्या भागाने पाच दाब. तोंडात आंधळेपणाने बोट घालू नका. १०८ ला फोन दुसऱ्या व्यक्तीने करायचा.

औषध फक्त लेखी चिठ्ठीवर, त्याच मुलाच्या बाटलीतून. पॅरासिटामॉलच्या थेंबांत एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असतं, सिरपच्या पाच मिलिलिटरमध्ये कुठे १२५, कुठे २५०. "एक चमचा दिला" हे वाक्य म्हणून धोकादायक. ताप औषधाशिवाय २४ तास उतरलेला असल्याशिवाय मूल घेऊ नका. कांजण्यांत सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत नाही.

दोन बायकांनी मिळून सहा मुलं, त्यात वर्षाच्या आतली दोनच. घाईने घर सोडायची वेळ आली तर एकीला काखेत दोनच बाळं नेता येतात. समजा महिन्याला मुलामागे ३,००० घेतले तर १८,००० येतात. मदतनीस ८,०००, खाणं, वीज, साबण, फिनेल मिळून ५,००० गेले की हातात पाचच हजार राहतात. म्हणून फी जागेची असते, हजेरीची नाही, हे पहिल्याच दिवशी कागदावर हवं. शिक्षिका असलेल्या आया मे महिन्यात मूल पाठवत नाहीत. जागा राखायची तर त्या महिन्याची अर्धी फी. दिवाळीच्या आणि संक्रांतीला गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) सुट्ट्या आधीच लिहून द्या. गारमेंटमधल्या किंवा दवाखान्यातल्या पाळीच्या आईला उशीर होणारच, त्याचाही दर आधी ठरलेला बरा.

संध्याकाळी पाच ते सहा हा तास सगळ्यात अवघड. मुलं दमलेली, फाटक सतत उघडतंय. एकीने फाटकावर, दुसरीने आत थांबायचं. कोण न्यायला येणार त्यांची नावं आणि फोटो आधीच घेतलेले असावेत. यादीत नसलेले आजोबा आले तर त्यांना आत बसवा, चहा द्या. पोर मात्र आईचा फोन लागेपर्यंत हातात देऊ नका.