चढाच्या रस्त्यावर ११२ किलोमीटर

२०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड, करायचं मनात घेतलं तेव्हा सगळ्यात आधी हिशोब मांडला. थांबे धरून साडेतेरा तास मिळतात, म्हणजे सरासरी ताशी १५ किलोमीटरही लागत नाहीत. सपाटीवर हे सहज जमतं. माझ्या मार्गावर मात्र एकामागोमाग टेकड्या होत्या, म्हणून सरावही तसल्याच रस्त्यांवर करायचा ठरवला. पहिल्या दोन लांब राइड मी नेटाने पूर्ण केल्या, पण मजा म्हणाल तर अजिबात आली नाही. तिसऱ्या राइडला आली, आणि इतकी आली की ती लिहून ठेवावीशी वाटतेय.

आधीच्या दोन्ही वेळी मी चढाशी भांडत होते. रस्ता वर जाताना दिसला की जोर लावायचा, मोठ्या गिअरवरच रेटायचं, आणि नजर सतत स्पीडोमीटरवर. त्यातला चार किलोमीटरचा एक चढ सरासरी ७ टक्क्यांचा आहे, म्हणजे दर शंभर मीटरला सात मीटर वर. तिथे माझा कॅडेन्स, म्हणजे मिनिटाला पेडलच्या फेऱ्या, पंचेचाळिसावर यायचा, गुडघे कुरकुरायचे, आणि माथ्यावर पोचेपर्यंत पुढच्या सत्तर किलोमीटरचे पाय तिथेच खर्च झालेले असायचे.

या वेळी मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच, बदलून सगळ्यात मोठी चकती ३२ दात्यांची असलेली घेतली. सगळ्यात हलक्या गिअरला पुढे ३४ दाते आणि मागे ३२, म्हणजे पेडलच्या एका फेरीत सायकल सव्वादोन मीटरच्या आसपास पुढे जाते. स्पीडोमीटरवरचा वेगाचा आकडाही बंद केला. एकच नियम पाळायचा होता: चढावर एक पूर्ण वाक्य मोठ्याने म्हणता आलं पाहिजे. मध्येच श्वास घ्यावा लागला की जोर कमी करायचा.

त्या चढाच्या पायथ्याशी, रस्ता अजून सपाट असतानाच गिअर खाली उतरवला. ताण आल्यावर बदलायला गेलं की चेन कडाडते आणि लय तुटते. पहिला किलोमीटर इतका सोपा गेला की आपण फार हळू चाललोय अशी शंका आली. दुसऱ्यात घाम सुटला. तिसऱ्या किलोमीटरला एक वळण सरळ अंगावर येतं. तिथे आतल्या बाजूचा चढ फार तीव्र असतो, म्हणून समोरून कोणी येत नाही हे बघून बाहेरच्या कडेने गेले. पाय पासष्टच्या आसपास फिरत होते. वारा जवळजवळ नव्हता, इतक्या कमी वेगात तो अडवतही नाही. लढाई सगळी वजनाशी असते. म्हणूनच आजूबाजूचं ऐकू येतं: चेनची बारीक कुजबुज, टायरखाली रगडली जाणारी खडी, शेतापलीकडून येणारा कुठल्याशा पक्ष्याचा आवाज. आदल्या दोन वेळी मी याच रस्त्याने गेले होते आणि यातलं काहीही ऐकलं नव्हतं.

वर पोचायला २८ मिनिटं लागली. पूर्वी रेटून ३१ लागायची. कमी दमून लवकर पोचले याचा आनंद शब्दांत मावत नाही, मी माथ्यावर एकटीच हसत उभी होते.

उतारावर मात्र मी आजही जपूनच असते. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारं अंतर जवळपास चौपट होतं, आणि गावाकडच्या रस्त्यावर वळणापलीकडे वाळू, ओला चिखल किंवा निवांत उभी असलेली गुरं, काहीही असू शकतं. निघण्याआधी विंडचीटर घातलं, कारण घामेजलं अंग उतारावर लगेच गारठतं. ब्रेक वळणाच्या आधी, वळणात सोडलेले, बाहेरचा पाय खाली, नजर वळण जिथे संपतं तिथे. लांब उतारावर ब्रेक धरून ठेवायचे नाहीत, थोडे दाबून पुन्हा सोडायचे, म्हणजे रिम तापत नाही.

त्यापुढचे पस्तीस किलोमीटर सगळ्यात सुंदर होते. छोट्या टेकड्यांची माळच. एका उताराचा वेग पुढच्या चढाच्या अर्ध्यावर नेऊन सोडतो, तिथे दोन गिअर हलके करायचे, दहा-बारा फेऱ्या, की आलाच माथा. झोका चढावा तसं.

खाण्याचंही आधीच ठरवलं होतं. दुसऱ्या राइडला ऐंशीव्या किलोमीटरला अंगातलं बळ एकाएकी संपलं होतं, हात थरथरत होते. भूक लागेपर्यंत थांबले ही चूक. या वेळी पहिल्या अर्ध्या तासापासूनच, दर तासाला ५० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जातील असं थोडं थोडं खात राहिले. पाण्याचे घोटही तसेच. ऐंशीवा किलोमीटर कधी मागे पडला ते कळलंसुद्धा नाही.

शेवटच्या चढावर मांड्या भरून आल्या होत्या, तरी ते वाक्य पूर्ण म्हणता येत होतं. घरी पोचले तेव्हा ११२ किलोमीटर, सुमारे १५०० मीटर चढाई आणि थांब्यांसकट पावणेसात तास झाले होते. दुसऱ्या दिवशी पाय ठीक होते. दुखत होते मान आणि तळहात, उतारांवर वाकून हँडल धरल्यामुळे. संध्याकाळी हँडल थोडं वर यावं म्हणून त्याच्याखाली एक स्पेसर, म्हणजे कडं, वाढवला, पाच मिलिमीटरचा. पुढच्या रविवारी तोच रस्ता उलट्या बाजूने करून बघणार आहे.