‘दिवसातून तीन वेळा’ म्हणजे नेमकं कधी?

बाबांच्या पार्किन्सनचं निदान पटकन झालं. अंगठ्यावर तर्जनी भराभर आपटायला सांगतात. दहा-बारा वेळांत बोटांमधलं अंतर आक्रसत जातं. मनगट फिरवलं की दातेरी चाकासारखं अडकत-अडकत फिरतं. खरी तपासणी हीच. एमआरआय नॉर्मल आला म्हणून हुरळून जाऊ नका, तो दुसरं काही नाही ना एवढंच बघायला काढतात.

घोडं अडलं ते चिठ्ठीवरच्या एका ओळीपाशी: ‘लेव्होडोपा-कार्बिडोपा, दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर’. त्या ओळीचा राग अजून गेलेला नाही. लेव्होडोपा म्हणजे पार्किन्सनवरचं मुख्य औषध, मेंदूत कमी पडणारं डोपामिन हे रसायन त्यातूनच बनतं. ती शोषली जाते लहान आतड्यात, आणि प्रथिनांतली अमिनो आम्लं त्याच वाटेनं जातात. मेंदूत शिरतानाही पुन्हा तीच रेटारेटी. त्यात पोट भरलेलं असलं की गोळी जठरातच रेंगाळते. त्यामुळे सकाळची गोळी चालायची आणि दुपारची वाया जायची. निष्कर्ष काय निघाला? औषध लागू पडत नाही, डोस वाढवा!

गोळी जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर निदान तासाभरानं घ्यायची, आणि तीही घड्याळ लावून. रिकाम्या पोटी मळमळलं तर सोबत साधं बिस्किट चालतं. मळमळीवर मेटोक्लोप्रमाइड मात्र नको, ते मेंदूतल्या डोपामिनलाच आडवं येतं.

तरी पुरेना, तेव्हा वही घातली. दर अर्ध्या तासाला एक अक्षर: ‘मो’ म्हणजे मोकळे, ‘आ’ म्हणजे आखडलेले, ‘व’ म्हणजे नको तितकी वळवळ. शेजारी गोळीची आणि जेवणाची वेळ. आठवड्यात दिसलं की साडेतीन तासांनी ‘आ’ सुरू होतो, आणि पुढची गोळी सहा तासांनी! न्यूरॉलॉजिस्टनी वही पाहून एकूण मात्रा तीच ठेवली, फक्त तीनाच्या पाच वेळा केल्या. तोंडी ‘बरं वाटत नाही’ सांगून हे कधीच झालं नसतं.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: पहिल्या भेटीला घरातली सगळी औषधं पिशवीत घालून न्या. चक्कर येते म्हणून महिनोन्‌महिने घेतलेल्या सिनारिझिन, फ्लुनारिझिननंही हुबेहूब अशीच लक्षणं दिसतात.

बद्धकोष्ठता असेल तर तिच्यावरही उपचार करा, गोळीचा असर उशिरा होण्यात तिचाही हात असतो. हळूहळू सुटणारी गोळी कुटून देऊ नका. आणि दुसऱ्या कशासाठी ॲडमिट व्हावं लागलं तर वेळांचा कागद वॉर्डात पहिल्याच तासाला द्या. लेव्होडोपा एकदम बंद पडली तर ताप आणि जिवावर बेतणारा ताठरपणा येऊ शकतो.