कडी नसलेले दार

मिरजेला आत्याकडे तीन दिवस राहिले. त्यातले दोन नातेवाइकांच्या भेटींत आणि मिशन हॉस्पिटलच्या परिसरातल्या फेरफटक्यात गेले. लिहायचे आहे ते रविवारच्या दुपारविषयी.

आत्याच्या माजघरात होल्मन हंट या इंग्रज चित्रकाराच्या ‘जगाचा प्रकाश’ या चित्राची जुनी छापील प्रत आहे. रात्रीची वेळ, हातात कंदील, डोक्यावर काटेरी मुकुट आणि वेलींनी वेढलेले बंद दार ठोठावणारा येशू. दाराला बाहेरून कडी नाही. मनाचे दार आतूनच उघडते, असे हंट यांना सुचवायचे होते. संडे स्कूलमध्ये बारा वर्षे मी हेच शिकवत आले. त्या दुपारी आत्येभावाच्या नऊ वर्षांच्या मुलालाही तेच सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले, बाहेरच्या दाराशी जाऊन लोखंडी कडी दोनदा वाजवली आणि विचारले, “पण आत्या, कडीच नसेल तर येशू वाजवणार काय?”

मला उत्तर देता आले नाही. त्या घरी येणारा प्रत्येक जण कडीच वाजवतो.

आत्याने बायबल आणून, हे चित्र ज्यावर बेतले आहे ते वचन काढले: प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातले विसावे. येशू तिथे म्हणतो, मी दाराशी उभा आहे आणि दार ठोकीत आहे. तिथे कडी नाही, कंदील नाही, रात्रही नाही. शिवाय ते वचन ज्या पत्रात आहे, ते लावदिकीया या प्राचीन शहरातील ख्रिस्ती मंडळीला, म्हणजे विश्वासणाऱ्यांनाच लिहिलेले आहे. ते धड थंड नाहीत आणि उष्णही नाहीत, असा त्यांच्यावर ठपका आहे. आम्ही मात्र दाराआड नेहमी अविश्वासी माणूसच पाहत आलो. वचनाच्या शेवटी, जो दार उघडील त्याच्याबरोबर मी जेवीन, असे आश्वासन आहे. चित्र दाराशीच थांबते, म्हणून बारा वर्षांत त्या जेवणाविषयी मी मुलांना एक शब्दही सांगितला नाही, याचे मला फार वाईट वाटले.

हंट यांनी हे चित्र 1853 मध्ये पूर्ण केले आणि येशूच्या भूमीत, पॅलेस्टाईनला, ते प्रथम गेले त्यानंतर, 1854 मध्ये. वॉर्नर सॉलमन या अमेरिकन चित्रकाराने 1940 मध्ये रंगवलेला येशूचा चेहरा कोट्यवधी प्रतींनी घरोघरी गेला, पण येशू दिसायला कसा होता याविषयी चारही शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधल्या त्याच्या चरित्रांत, एक ओळ नाही. त्याच सकाळी उपासनेत आम्ही मराठी ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचे भजन म्हटले होते. 1917 साली साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा भरवणारे टिळक ख्रिस्ताला माउली म्हणतात, गुरू म्हणतात. आम्ही ते शब्द गातो आणि डोळे मिटले की समोर गोरा, सोनेरी केसांचा परदेशी पुरुष उभा राहतो. कानांनी जे शिकलो ते डोळ्यांपुढे टिकत नाही.

तरी ते चित्र काढून टाकावे, असे मी म्हणणार नाही. इ. स. 600 च्या सुमारास पोप ग्रेगरी यांनी लिहिले होते की, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चित्र हेच पुस्तक असते. माझ्या पणजीला अक्षरओळख नव्हती आणि तिची सारी श्रद्धा याच चित्रासमोर वाढली. पण वाचता येणाऱ्या मुलांपुढे चित्रातले काय आणि वचनातले काय, हे वेगळे करून सांगणे शिक्षकाचे कर्तव्य आहे.

परतताना साताऱ्याला उतरायचे होते, ते गाडीच्या उशिरामुळे राहिले. सोमवारी पहाटे निघताना त्या मुलाने माझ्या हातात वहीचा एक कागद ठेवला. दार आत्याच्याच घराचे, कडी बाहेरून, उंबऱ्याशी काढून ठेवलेल्या चपला, येशू पाठमोरा, आणि आत मांडलेली ताटे.