थ्रीडी मॅमोग्राफी दहा मिनिटांत, जुन्या सीडीसाठी अकरा दिवस

मैत्रिणी सारख्या विचारतायत, थ्रीडी मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीत, दुखतं का म्हणून, तर बायांनो, या मशीनचा वेगळा काही त्रास नाही. साध्या मॅमोग्राफीसारखंच दाबतात, फक्त वरचा भाग कमानीत फिरत बरेच फोटो काढतो आणि कॉम्प्युटर त्यांचे एकेक मिलिमीटरचे काप करून दाखवतो. माझी ब्रेस्ट डेन्सिटी सी, म्हणजे स्तन दाट. साध्या फोटोत दाट भाग पांढरा अन् गाठही पांढरीच, म्हणून डॉक्टरांनी थ्रीडी करायला सांगितलं.

रिपोर्ट आला बायरॅड्स झिरो (बायरॅड्स म्हणजे मॅमोग्राफीच्या निकालाचा नंबर). शून्य म्हणजे काहीच नाही असं समजून मी नवऱ्याला फोनसुद्धा केला! शून्य म्हणजे तपासणी अपुरी. डावीकडे एक सावली आहे, ती नवी की जुनी हे ठरवायला माझ्या २०२१ च्या मॅमोग्राफीचे फोटो हवेत. माझ्याकडे तेव्हाचा कागदी रिपोर्ट होता, तो चालत नाही.

मग त्या जुन्या सेंटरच्या चकरा. काउंटरवरचा मुलगा मान वर न करता म्हणाला, "सीडी तेव्हाच दिली असणार." दिली नव्हती. मग अर्ज, अर्जाला आधारची झेरॉक्स, झेरॉक्स आणेपर्यंत जेवणाची सुट्टी, दुसऱ्या खेपेला रेकॉर्डवाले सर रजेवर, तिसऱ्यांदा नवऱ्याला पाठवलं तर म्हणे पेशंट स्वतः पाहिजे. चौथ्यांदा मी गेले तर "या नावाची नोंदच नाही." तोवर रोज अंघोळ करताना हात आपोआप डाव्या बाजूला जायचा, काही लागत नव्हतं तरी. शेवटी घरी जुनं बिल सापडलं, त्यावरच्या पेशंट नंबरने शोधलं तर मी तिथे माहेरच्या आडनावाने बसलेली! म्हणून बिलं टाकू नका.

सीडी मिळाली तर घरातल्या एकाही लॅपटॉपला सीडीची खाच नाही, तशीच घेऊन गेले. रेडिऑलॉजिस्ट मॅडमनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले, म्हणाल्या, "ही तेव्हाही इथेच होती, एवढीच." बायरॅड्स टू, म्हणजे साधीच गोष्ट, कॅन्सर नाही. मी तिथेच रडले, जरा लाजच वाटली.

हो, सांगायचं राहिलं, जाताना पावडर-डिओ लावू नका, फोटोत कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखं दिसतं. आणि पाळी येत असेल तर ती संपल्यानंतरच्या आठवड्यात जा, दुखणं कमी.

सीडी आता कपाटात दागिन्यांच्या डब्यात ठेवलीय.