सतरा नळ्या

गुरुवार, रात्रीचे साडेदहा.

रविवारी मामा येऊन गेले, त्याला आज चार दिवस झाले, आणि या चार दिवसांत मी माझ्या हाताने बनवलेल्या वाफेच्या छोट्या इंजिनावरचे कापड एकदाही काढलेले नाही. पावसाळी हवेने माझे गुडघे धरले आहेत असे मी घरात सांगितले आहे आणि ते सर्वांना पटलेही आहे. खरे कारण एक शब्द आहे, आणि तो मीच उच्चारला.

मामा खानापूरहून मुद्दाम आले होते. जिना चढताना तीनदा थांबले. इंजिनाभोवती त्यांनी दोन फेऱ्या मारल्या, आठही चाकांवरून हात फिरवला, दट्ट्याचा दांडा सरळ रेषेत धरणारा क्रॉसहेड पुढे-मागे सरकवून पाहिला आणि एकदा स्वतःशीच मान हलवली. ती मान हलली तेव्हा सहा वर्षांचे सगळे कष्ट वसूल झाले असे मला वाटले. मग ते पुढच्या बाजूला आले, स्मोकबॉक्सचे, म्हणजे धुराड्याखालच्या पेटीचे, दार उघडले, खिशातून चष्मा काढून लावला आणि वाकून आत पाहत तर्जनीने हवेत काहीतरी टिपत राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "मूळला एवढ्याच होत्या काय रे नळ्या?"

मी म्हणालो, "होय."

ते "बरं" म्हणाले, दार हलकेच लावले, कडी नीट बसली का ते अंगठ्याने दाबून पाहिले आणि चहा मागितला.

हे इंजिन वायजी आहे, मीटर गेजचे मालगाडीचे इंजिन. पुढे दोन लहान चाके, मध्ये आठ मोठी, मागे पुन्हा दोन. ही जात १९७२ पर्यंत बांधली जात होती, आणि लहानपणी बेळगावच्या दुसऱ्या रेल्वे गेटपाशी उभे राहून आम्ही ज्याच्या धुरात डोळे चोळले ते हेच. नव्वदच्या दशकात आमचा मार्ग ब्रॉडगेज झाला आणि रूळ जिथे होते तिथेच राहूनही ती गाडी गेली. मी एका फुटाला एक इंच हे प्रमाण घेतले. मूळचे चाक चार फुटांचे, माझे चार इंचांचे. दट्ट्याची धाव मूळला चोवीस इंच, माझ्याकडे दोन. रूळ ८३ मिलिमीटरपेक्षा किंचित जास्त अंतरावर. बाहेरून दिसणारे एकही माप मी सोडलेले नाही. आणि ज्या माणसाने अशा इंजिनात आपल्या हाताने कोळसा मारला, त्याने नेमकी तीच एक जागा उघडून पाहिली जिथे मी माप सोडले आहे.

नळ्या ही काही बारीकसारीक गोष्ट नव्हे. फायरबॉक्समधली आग त्यांच्यातून स्मोकबॉक्सकडे धावते आणि भोवतीच्या पाण्याला उकळी आणते. त्याआधीच्या इंजिनांत बहुधा एखादीच रुंद नळी असे आणि निम्मी ऊब धुराड्यातून वाया जाई. १८२९ मध्ये रेनहिलच्या शर्यतीत स्टीफनसनच्या 'रॉकेट'ने बाकीच्यांना मागे टाकले, त्यामागे त्याच्या बॉयलरमधल्या तीन-तीन इंचांच्या पंचवीस तांब्याच्या नळ्यांचा मोठा वाटा होता. फ्रान्समध्ये सेगँ यांनाही त्याच सुमारास स्वतंत्रपणे हेच सुचले होते. म्हणजे वाफेचे इंजिन ज्या गोष्टीमुळे खऱ्या अर्थाने इंजिन झाले, तीच गोष्ट माझ्याकडे मुळाबरहुकूम नाही, आणि मी "होय" म्हणालो.

ती मुळाबरहुकूम का नाही, हे मी कुणालाही तासभर समजावू शकतो. मूळच्या नळीचा व्यास दोन इंचांच्या आसपास. त्याचा बारावा भाग केला तर चार मिलिमीटरची नळी होते. इतक्या अरुंद नळीतून धूर ओढला जात नाही, आणि कोळशाची काजळी काही माझ्या प्रमाणात लहान होत नाही, त्यामुळे ती नळी पहिल्या अर्ध्या तासातच तुंबते. मॉडेल करणाऱ्यांचा एक जुना ठोकताळा आहे: नळीची लांबी इंचांत घ्यावी, तिला आतल्या व्यासाच्या वर्गाने भागावे, आणि उत्तर पन्नास ते सत्तरच्या दरम्यान यावे. माझ्या नळ्या तेरा इंच लांब. अर्ध्या इंचाचा व्यास घेतला की उत्तर बावन्न येते. प्रमाणात बसणारी नळी घेतली तर साडेचारशेच्या वर जाते. म्हणून मी अर्ध्या इंचाच्या चौदा नळ्या बसवल्या आणि वाफ आणखी तापवण्यासाठी तीन जाड नळ्या. एकूण सतरा. मूळच्या बॉयलरचे तोंड उघडले की मधाच्या पोळ्यासारखे दाट दिसते. माझे विरळ आहे.

हे सगळे मामांना सांगायला किती वेळ लागला असता? त्यांना ते माझ्यापेक्षा लवकर कळले असते. पण सून चहा घेऊन दारात उभी होती, नात मोबाइलवर फोटो काढत होती, आणि "अगदी मूळसारखं आहे" हे वाक्य नुकतेच कुणीतरी बोलून झाले होते. ते वाक्य तसेच राहावे असे मला वाटले. एवढेच.

मंगळवारी रात्री झोप लागली नाही तेव्हा मला स्वतःची फार कीव आली, तीही इथे लिहून ठेवतो. सहा वर्षे मागच्या व्हरांड्यात बसून मी एकटा हे करतो आहे. तांब्याचा पत्रा लाल होईपर्यंत तापवायचा, पाण्यात बुडवून मऊ करायचा, लाकडी ठोकळ्यावर ठोकून वळवायचा, चार ठोक्यांत तो पुन्हा कडक झाला की पुन्हा तापवायचा, आणि शेवटी चांदीच्या डाखाने एकेक जोड भरायचा. मुलगा फोनवर "चाललंय ना काम?" असे विचारतो आणि उत्तर येण्याआधी विषय बदलतो. ती असती तर... ते जाऊ दे. हे इंजिन वाचू शकेल असा एकच माणूस माझ्या ओळखीत उरला होता, आणि त्याला मी चुकीचे वाचून दाखवले.

काल सकाळी कपाटातली जुनी पट्टी सहज हाती लागली. उद्यमबागेत पॅटर्नमेकर म्हणून, म्हणजे ओतकामासाठी लाकडी नमुने बनवत, चौतीस वर्षे जी वापरली ती श्रिंकेज पट्टी. ओतलेले लोखंड थंड होताना साधारण एक टक्का आकसते, म्हणून पॅटर्न तेवढाच मोठा करावा लागतो, आणि त्यासाठी या पट्टीवरचा फूट खऱ्या फुटापेक्षा लांब असतो. या इंजिनाच्या चाकांचे सागवानी पॅटर्नही मी तिच्यावरच मापले होते. हातात धरून मी बराच वेळ बसलो. जन्मभर मी खोट्या फुटाने मोजत आलो आणि त्यातून खरी मापे निघाली, तर मग सतरा नळ्यांचे एवढे काय, असा विचार मनात आला आणि थोडे बरे वाटले. पण दुपारपर्यंत तेही टिकले नाही. पॅटर्नमधला जास्तीचा एक टक्का भट्टीत नाहीसा होतो, माझ्या नळ्या मात्र आत तशाच राहणार आहेत. शिवाय ती पट्टी काय आहे असे कुणी विचारले असते तर मी कधीच "साधी पट्टी आहे" असे सांगितले नसते.

चाकांचेही आठवले. दिवसाचा माल ओतून झाल्यावर उरलेल्या लोखंडातून पोरांनी माझी पहिली चार चाके ओतून दिली होती, आणि लेथवर चढवल्यावर हत्याराची धारच गेली. एवढी बारीक कडा वाळूत फार झटकन थंड होते आणि लोखंड काचेसारखे कडक बनते. मोठ्या चाकाला ही अडचण येत नाही. पुन्हा भट्टीत लाल करून रात्रभर सावकाश निववली तेव्हा कुठे ती कापता आली. मापाचे बारा भाग करता येतात, निवण्याचे करता येत नाहीत. लांबी बारा पटीने कमी झाली की पृष्ठभाग १४४ पटीने कमी होतो आणि आतले पाणी १७२८ पटीने, म्हणून माझे इंजिन त्याच्या आकारमानाच्या मानाने मुळापेक्षा फार लवकर थंड पडणार. हे मला पहिल्या चार चाकांपासून माहीत होते. माहीत असलेल्या गोष्टीची लाज का वाटावी, हे काल रात्रीपर्यंत उलगडत नव्हते. आज वाटते की नळ्यांची लाज मला कधीच नव्हती. लाज त्या एका "होय"ची आहे.

म्हणून आज संध्याकाळी मामांना फोन केला. आधी पाऊस, मग भाताची लावणी, मग त्यांचा डोळा, असे इकडचे तिकडचे बोलणे झाले, आणि मग मी एका दमात सांगून टाकले की मूळला नळ्या खूप जास्त होत्या, मी कमी आणि जाड घातल्या आहेत, रविवारी मी खोटे बोललो.

पलीकडे थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग मामा म्हणाले, "ठाऊक आहे की रे. सतरा आहेत. मी मोजल्या."

मी विचारले, "मग बोलला का नाही?"

"बोलायचं काय त्यात? लोंढ्याला नवा खलाशी होतो तेव्हा थंड इंजिनाच्या नळ्या आम्हालाच साफ करायला लावायचे. एकेक मोजून. एखादी राहिली तर फोरमन आमची पाठ सोडत नसे." मग म्हणाले, "तुझ्या सतराच म्हणजे लवकर होतील. ब्रश आणलायस काय?"

ब्रश आणलेला नाही. सहा वर्षांत या इंजिनासाठी मी काय काय जमवले त्याची एक वहीच आहे, पण त्या वहीत नळ्या साफ करायचा ब्रश कुठेही नाही. म्हणजे हे इंजिन खरेच पेटेल आणि त्यात काजळी धरेल, असे मी आजवर कधी धरून चाललोच नव्हतो काय?

कापड काढले आहे. उद्या बॉयलरची पाण्याची चाचणी घ्यायची. चालवताना दाब ऐंशी पौंडांपर्यंत न्यायचा आहे, म्हणून चाचणी एकशे साठला, हातपंपाने, हळूहळू. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे एखादा जोड सुटलाच तरी स्फोट होत नाही, नुसती गळती लागते. वहीत 'नळ्या' या शब्दापुढे इतके दिवस फक्त बरोबरची खूण होती. तिच्या शेजारी आज लिहिले: चौदा अधिक तीन, मुळाप्रमाणे नाहीत. आणि खाली: अर्ध्या इंचाचा तारेचा ब्रश, खडे बाजारात विचारणे. मामांना रविवारी पुन्हा यायचे आहे. जिन्याला धरायला एक दोर बांधून घ्यावा लागेल.