तेराचा पाढा

मी स्कॉटलंडमधल्या पर्थशरमध्ये डोंगरावर गाईडचं काम करते, राहते अ‍ॅबरफेल्डीला. गाव एवढंसं, टे नदीवर १७३३ सालचा दगडी पूल, एक चौक, दोन-चार कॅफे, आणि गावातून गाडी काढली की अर्ध्या-पाऊण तासात चढाईच्या पायथ्याशी. मूळची मी वाईची, पांडवगड-वैराटगड शाळेत असल्यापासून पायाखालचे, पण इथे लोकांना डोंगरावर न्यायचं तर माऊंटन लीडरची परीक्षा द्यावी लागते आणि त्या परीक्षेला बसायच्या आधी किमान चाळीस दिवस डोंगरात काढल्याची नोंद लॉगबुकात लागते, ते सगळं करून आता बरीच वर्षं झाली. एवढ्या वर्षांत गिऱ्हाईक म्हणून अख्खं मराठी कुटुंब मात्र एकदाच आलं, आणि तो दिवस मी विसरणार नाही.

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार होता. त्याच पहाटे इथली घड्याळं एक तास मागे जातात, म्हणजे आदल्या दिवशी पावणेसहापर्यंत असलेला उजेड एकदम पावणेपाचच्या आत संपतो. एडिनबरोत राहणारी मुलगी आणि जावई, आणि पुण्याहून आलेले मुलीचे आईवडील. काकू आणि पाच वर्षांचा नातू गावातल्या मुक्कामाच्या ठिकाणीच थांबले. काका त्रेसष्ट वर्षांचे, चाळीस वर्षं सह्याद्री फिरलेले, पोटऱ्या बघूनच कळत होतं की माणूस खरा चालणारा आहे. त्यांना शिहॅलियनच करायचा होता, कारण कॉलेजात फिजिक्स शिकवताना त्यांनी या डोंगराबद्दल मुलांना सांगितलेलं.

शिहॅलियन १०८३ मीटर. तीन हजार फुटांवरचे जे २८२ डोंगर इथे मन्रो म्हणून ओळखले जातात त्यातला एक. १७७४ मध्ये मॅस्केलिन नावाचा, ब्रिटिश राजाचा खगोलशास्त्रज्ञ इथे येऊन राहिला, डोंगराच्या उत्तरेला आणि दक्षिणेला ओळंबा लावून, ताऱ्यांच्या आधारे, तो ओळंबा डोंगराकडे किती खेचला जातो ते मोजलं आणि त्यावरून पृथ्वीची घनता काढली. डोंगर निवडायचं कारण त्याचा आकार, दोन्ही बाजूंनी नीट आणि आजूबाजूला एकटा. पुढचं सगळं गणित चार्ल्स हटनने केलं, उत्तर आलं पाण्याच्या साधारण साडेचार पट, खरं आहे साडेपाच पट, पण दोरी आणि वजन घेऊन एवढं जवळ जाणं म्हणजे कमाल आहे. आणि गणित सोपं व्हावं म्हणून हटनने नकाशावर सारख्या उंचीचे बिंदू जोडून रेषा काढल्या, आज आपण ज्या कंटूर म्हणतो त्या. हे सगळं काका मला सांगत होते, मी त्यांना नाही.

ब्रेझ ऑफ फॉसच्या पार्किंगमध्ये मी नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या बॅगा उघडायला लावल्या. हवामानाचा अंदाज सकाळीच वाचला होता, दुपारनंतर पश्चिमेचा वारा ताशी ३५ मैल, वर ढग, पाऊस. पायथ्याला आठ अंश, म्हणजे माथ्यावर तीनच्या आसपास, आणि त्यात हा वारा धरला तर अंगाला उणे चार लागणार. मुलीचं सगळं चोख. काकांचं जॅकेट आपल्याकडच्या पावसाळी ट्रेकचं, पातळ, भिजलं तरी चालतं असं. मी म्हटलं काका, आत जाड काहीतरी आहे ना? ते म्हणाले, "अगं आहे की स्वेटर, आणि कळसूबाई १६४६ मीटर आहे, हे त्याच्यापुढे काय." मी हसले नाही, खरंच समजावून सांगितलं, की काका, कळसूबाईला पाऊस लागला तरी तो पाऊस कोमट असतो, इथला पाऊस हाडात जातो. त्यांनी मान डोलावली. जावयाकडे जाड फ्लीस, म्हणजे आतून घालायचं उबदार जॅकेट, चांगलं वॉटरप्रूफ, हातमोजे सगळं होतं. फ्लीस अंगातच होतं, चेन गळ्यापर्यंत लावलेली. तिथेच माझं चुकलं. चेन खाली करून आत काय घातलंय ते मी बघितलं नाही.

चढाईची सुरुवात सोपी आहे. डोंगराची पूर्वेकडची बाजू १९९९ मध्ये जॉन म्युअर ट्रस्ट या निसर्ग जपणाऱ्या संस्थेने विकत घेतली आणि जुनी चिखलात फाटत गेलेली वाट बंद करून नवी दगडी वाट बांधली, त्यामुळे निम्म्याहून जास्त चढ एकदम सरळ जातो. काकांचा वेग माझ्या बरोबरीचा. मागे लॉक टमेल या तळ्याचं पाणी दिसत होतं, हेदरची झुडपं सुकून तपकिरी झालेली, आणि आम्ही मराठीत बोलत होतो. कामावर असताना मराठी बोलायला मिळणं ही काय चीज आहे ते इथे राहणाऱ्यालाच कळेल. काका रतनगडाच्या शिड्यांचं सांगत होते, मी पांडवगडाचं सांगत होते, मुलगी मधे मधे बाबांना चिडवत होती, आणि जावई मागून येत होता. खरं तर तो पहिल्या तासात भरपूर बोलत होता, क्रिकेटचं काहीतरी, मुलाच्या शाळेचं. घामही त्यालाच सगळ्यात जास्त आला होता.

साडेआठशे मीटरच्या आसपास वाट संपते आणि दगड सुरू होतात. नुसते दगड, क्वार्टझाइटचे पांढरट करडे धोंडे, फ्रीजएवढे, पोत्याएवढे, ओले झाले की साबणासारखे, आणि हे असं दीड-दोन किलोमीटर, शिखर आलं वाटतं आणि पुढे अजून एक उंचवटा. तिथे एका मोठ्या दगडाच्या आडोशाला आम्ही थांबलो, कपडे वाढवले, खाल्लं. पाऊस सुरू झाला होता. मुलीच्या बुटाची लेस तुटली होती ती मी बांधून देत होते, पाचेक मिनिटं माझी पाठ बाकीच्यांकडे. तेवढ्यात काय झालं ते मला नंतर कळलं.

पुढचा पाऊण तास वारा सरळ तोंडावर. ढगात शिरलो, वीस-तीस पावलांपलीकडे काही दिसेना, मी होकायंत्र हातात घेऊन पुढे, मागे काका, मग मुलगी, शेवटी जावई. माझं सगळं लक्ष काकांवर, वय त्यांचं जास्त, जॅकेट त्यांचं पातळ. दर पाच-दहा मिनिटांनी विचारत होते, काका ठीक ना? ते म्हणायचे एकदम ठीक. मागे ओरडून विचारलं की जावई "हो" म्हणायचा. तीनदा विचारलं, तीनदा "हो". तिसरा "हो" जरा उशिरा आला, आणि मी तो ऐकूनही पुढे चालत राहिले, हे आजही टोचतं.

९८० मीटरला थांबलो, नकाशा बघायला. मी सगळ्यांना चिक्की दिली, एडिनबरोतून त्यांनीच आणलेली, प्लॅस्टिकच्या पाकिटातली. काकांनी दाताने फाडली. मुलीने फाडली. जावयाने पाकीट दोन्ही हातांत धरलं आणि तसाच उभा राहिला. मग हातमोजा काढायचा प्रयत्न केला, एक बोट निघालं, बाकीची तशीच अडकली, तो ते बघत राहिला जणू ते हात दुसऱ्या कोणाचे आहेत. पाकीट खाली पडलं, दगडांच्या फटीत गेलं, त्याने वाकूनही बघितलं नाही. मी जवळ गेले तर दात वाजत होते, खांदे हलत होते, ओठांचा रंग गेलेला. मी त्याच्या जॅकेटची चेन खाली ओढली. आत फक्त सुती टीशर्ट, पिळून काढावा इतका ओला.

"फ्लीस कुठंय?"

तो काही बोलेना. काकांनी स्वतःच्या गळ्याशी हात नेला आणि त्यांचा चेहरा जो झाला तो मला शब्दांत सांगता येणार नाही. फ्लीस त्यांच्या अंगात होतं. त्या आडोशाला त्यांचा स्वेटर जॅकेटच्या शिवणीतून भिजलेला जावयाने बघितला आणि म्हणाला, बाबा हे घाला, माझ्याकडे बॅगेत अजून एक आहे. नव्हतं. सासरे पहिल्यांदा आलेत, त्यांना थंडी वाजू द्यायची? आणि एकदा दिल्यावर मला थंडी वाजतेय असं सासऱ्यांसमोर कोण म्हणेल?

मी त्याला म्हटलं, तेराचा पाढा म्हण. गाईड लोक इथे शंभरातून सात-सात वजा करायला लावतात, डोकं चालतंय का बघायला, पण मला त्या क्षणी पाढाच सुचला. "तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस, तेरा त्रिक..." आणि थांबला. परत सुरू केलं, परत त्रिकला थांबला. जीभ जड. इंजिनिअर माणूस.

काका लगेच जॅकेट काढायला लागले, फ्लीस परत द्यायला. मी जरा जोरातच म्हणाले, "काका, नका काढू, मला दोन पेशंट नकोयत." मग ग्रुप शेल्टर काढला. ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगते, नायलॉनची एक मोठी नारिंगी पिशवी, खांब नाहीत, दोऱ्या नाहीत, सगळ्यांनी सॅकवर गोल बसायचं, पिशवी डोक्यावरून ओढायची आणि कड बुडाखाली दाबायची. वजन अर्धा-पाऊण किलो. बाहेर वारा कापड फडफडवतोय, पण अंगावर एक झुळूक नाही, चार माणसांचा श्वास आत कोंडतो आणि चार-पाच मिनिटांत उबारा येतो. आत नारिंगी उजेड, सगळ्यांचे गुडघे एकमेकांना लागलेले, ओल्या कपड्यांचा आणि चिक्कीच्या गुळाचा वास.

टीशर्ट काढला, माझं कोरडं थर्मल आणि वर माझं जाडजूड स्पेअर जॅकेट, टोपी. थर्मासमधला चहा, त्यात मी साखर आधीच भरपूर घालते, घोट घोट. चोळायचं नाही, गार पडलेले हात-पाय चोळले तर उलट त्रास होतो. काकांनी न विचारता जावयाचे दोन्ही हात धरून आपल्या काखेत घेतले आणि दाबून बसले. चाळीस वर्षं ट्रेक केलेला माणूस, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. एकच वाक्य बोलले, "सांगायचं होतंत हो." जावई मान खाली घालून. मुलगी रडत होती पण आवाज न करता, आणि मधे मधे नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवत होती.

माझ्या डोक्यात एक हिशोब चालू होता. थरथर चालू आहे तोवर शरीर लढतंय. माणूस गरम न होता थरथर थांबली, झोप यायला लागली, की मग चालवत न्यायचं नाही, मग ९९९ हा इथला इमर्जन्सी नंबर, पोलीस, आणि पोलिसांना सांगायचं माऊंटन रेस्क्यू. ते येतात, सगळे स्वयंसेवक, एक पैसा घेत नाहीत, पण त्या ढगात हेलिकॉप्टर येणार नाही आणि पायी वर यायला त्यांना काही तास लागणार. फोनला रेंज नव्हती, ९९९ ला एसएमएस करता यावा म्हणून माझा नंबर मी आधीच रजिस्टर केलेला, पण मेसेज तरी जाईल की नाही कोण जाणे. वीस मिनिटं द्यायची असं ठरवलं. घड्याळ दीड. उजेड तीन तास.

दहाव्या मिनिटाला त्याने स्वतःहून कप धरला. पंधराव्या मिनिटाला थरथर कमी झाली आणि ओठांना रंग आला, दोन्ही एकत्र, हे महत्त्वाचं. मी परत विचारायच्या आत तो स्वतःच सुरू झाला, हळू, प्रत्येक शब्द दाताखाली धरून. "तेरा चोक बावन्न. तेरा पंचे पासष्ट. तेरा सक अठ्ठ्याहत्तर. तेरा साती एक्याण्णव." काका ओठ हलवत त्याच्याबरोबर. "तेरा आठे एकशे चार." तिथे मुलीला हसू फुटलं आणि मग ती मोठ्याने रडली.

काका म्हणाले, शिखर किती राहिलं? मी म्हटलं शंभर मीटर, पण आपण खाली जातोय. त्यांनी दुसरा प्रश्न विचारला नाही. पिशवीत बसल्या बसल्या एवढंच म्हणाले, की मॅस्केलिन इथे महिनोन् महिने ढग हटायची वाट बघत होता. खरंच आहे, त्याचा बराचसा वेळ पावसात आणि ढगातच गेला.

उतरताना वारा पाठीवर, तेवढी एक मेहेरबानी. दगडांवरून मी जावयाला माझ्या मागेच ठेवलं आणि बोलत राहायला सांगितलं, कशावरही, फक्त गप्प बसायचं नाही. तो क्रिकेटवर बोलला, मग मुलाच्या शाळेवर, मग परत क्रिकेटवर. दगडी वाट लागली तेव्हा माझे स्वतःचे गुडघे कापतायत हे मला कळलं. पार्किंगला पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते, गाडीचा हीटर लावला आणि कोणीच पाच मिनिटं काही बोललं नाही.

आता मी पार्किंगमध्ये सगळ्यांच्या चेना खाली करून आतला कपडा बघते, लाज वाटली तरी बघते. आणि वर प्रत्येक थांब्यावर विचारते, सकाळी अंगात जे होतं ते अजून तुझ्याच अंगात आहे का. घरच्या लोकांचा ग्रुप असला तर दोनदा विचारते.

गावात परतल्यावर काकू दारातच उभ्या. नातू धावत आला, "आजोबा, टॉपवर गेलात?" काका म्हणाले, नाही गेलो. मग माझ्याकडून नकाशा मागून घेतला, जमिनीवर मांडी घालून बसले, त्याला जवळ घेतलं आणि बोट ठेवून एकेक कंटूर मोजायला लावली, दहा मीटरला एक रेषा, खालून वर. ९८० च्या रेषेवर त्यांनी माझ्या पेनाने एक छोटं टिंब काढलं. नकाशा मी त्यांना देऊन टाकला.